किराणा ठरतो पेरणीला

२०२४ च्या दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातल्या बाजार समित्यांत सोयाबीनला क्विंटलमागं चार ते सव्वाचार हजार रुपये मिळत होते. केंद्रानं जाहीर केलेला हमीभाव ४,८९२ होता; पण दाण्यातला ओलावा, खरेदी केंद्रावरची रांग आणि दारात आलेला सण यांतून बराच माल आडत्याकडंच गेला. त्याच दिवसांत किराणा दुकानात तूरडाळ किलोला एकशे साठच्या घरात होती. आता हिशोब मांडा. चार हजार दोनशेला एक क्विंटल सोयाबीन विकलं, तर सव्वीस किलो तूरडाळ येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या आहारसूत्रांत मोठ्या माणसाला दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं धरली आहेत. पाच माणसांच्या घराला महिन्याला पावणेतेरा किलो लागतात. म्हणजे पेरणी, खुरपणी, फवारणी, काढणी, मळणी एवढं सगळं करून आलेलं एक क्विंटल दोन महिन्यांच्या वरणात संपलं. यातून बियाणं, खत नि मजुरी अजून वजा करायचीच आहे.

घरखर्च आटोक्यात ठेवण्याचे सल्ले हल्ली उदंड मिळतात. रविवारी बसून आठवड्याचा बेत ठरवा, यादी करूनच बाहेर पडा, उपाशीपोटी दुकानात जाऊ नका. पगार एक तारखेला जमा होणाऱ्या घरात हे सगळं लागू पडतं. धाराशिव जिल्ह्यातल्या कोरडवाहू घरात पैसा येतो तो एकदा सोयाबीनच्या राशीला आणि जमलं तर एकदा हरभऱ्याच्या. मधल्या काळात मजुरी, दुधाचं बिल, एखादी विकलेली शेळी. अशा घराचा किराणा किती व्हायचा, हे दुकानात ठरत नाही. ते मृग नक्षत्रात, तिफणीच्या चाड्यात कोणतं बी पडलं त्यावर ठरून गेलेलं असतं. कागदावरच्या यादीनं वाचतात ते दोन-चारशे रुपये. पेरणीच्या यादीनं वाचतो तो वर्षाच्या डाळीचा खर्च.

जुन्या पिढीला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. बालाघाटाच्या हलक्या-मध्यम रानात खरिपाला ज्वारीच्या पाटात तूर असायची, सोबत मूग-उडदाच्या काकऱ्या, धुऱ्याला अंबाडी आणि तीळ. रब्बीच्या काळ्या रानात शाळू आणि त्याच्या कडेनं करडई. करडईच्या काट्यांमुळं गुरं आत घुसत नसत, कोवळ्या पानांची भाजी व्हायची आणि बी घाण्यावर गेलं की वर्षाचं तेल घरात यायचं. थोडं जवस, थोडं कारळं, म्हणजे चटणीची सोय. दुकानातून आणायचं ते मीठ, गूळ, चहा-साखर, रॉकेल आणि सणावारी खोबरं. दाणे पेवात किंवा कणगीत, डाळी मडक्यांच्या उतरंडीत. तेरणेकाठचं तेर हे गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव. या मुलखात मडक्याला तोटा कधीच नव्हता.

मग सोयाबीन आलं. गेल्या तीसेक वर्षांत त्यानं खरिपाची ज्वारी, मूग, उडीद यांना बाजूला सारून जवळजवळ सगळं रान व्यापलं. यात शेतकऱ्याचं चुकलं असं म्हणायला मी तयार नाही. शंभरेक दिवसांत येणारं पीक, मळणीयंत्रातून तासाभरात निघणारी रास, ज्वारीसारखी पाखरं राखायची कटकट नाही, आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर हातात रोख रक्कम. मजूर मिळेनासे झाल्यावर दुसरं काय पेरायचं? फक्त झालं असं की डाळ, तेल, ज्वारी, भाजी हे सगळं शेतातून निघून दुकानात गेलं. तणनाशकानं बांधावरचा तांदुळजा, पाथरी, घोळ, चिवळही गेली. त्या भाज्यांना बाजारभाव नव्हता, म्हणून त्यांचं नुकसान कुणाच्या वहीत आलं नाही. तेलाचा प्रकार तर आणखी गमतीचा. सोयाबीनच्या एका क्विंटलमध्ये साधारण अठरा किलो तेल असतं, पण ते काढायला मोठा कारखाना लागतो. गावच्या घाण्याचं ते काम नव्हे. म्हणून पोती भरून तेलबिया विकणारं घर तेलाची पिशवी मात्र विकत आणतं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं प्रभावी आयातशुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेलं. हेतू तेलबिया पिकवणाऱ्यांना भाव मिळावा हा होता. दुकानातलं तेल लगेच वाढलं, सोयाबीन हमीभावाला टेकलंच नाही. एकाच घरानं दोन्हीकडून मार खाल्ला.

हे चक्र उलटं फिरवण्याचा एक प्रयोग याच धाराशिव जिल्ह्यात झाला आणि तो पुढं जगभर सांगितला गेला. त्याची मुळं भूकंपात आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली, सुमारे आठ हजार माणसं गेली. लातूरच्या औशापासून आपल्या उमरगा-लोहाऱ्यापर्यंत गावंच्या गावं पडली. पुनर्वसनाच्या कामात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून पुढं आणलं गेलं आणि त्यातून प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था आकाराला आली. घरबांधणीपासून बचत गट, गटांपासून छोटे धंदे असा प्रवास झाला. २०१२ पासून दुष्काळी वर्षं एकामागून एक लागली, तेव्हा या बायकांपुढं प्रश्न आला तो साधा: नगदी पीक वाळून गेलं, आता खायचं काय? त्यातून ‘एक एकर’ पद्धत उभी राहिली. घरच्या रानातला अर्धा ते एक एकर बाईनं मागून घ्यायचा, त्यात काय पेरायचं हे तिनं ठरवायचं, आणि पेरायचं ते आधी घरात खाण्यासाठी. कमी पाण्याची पिकं, गावरान बियाणं, गांडूळखत, दशपर्णी अर्क. उरेल ते बाजारात. २०१६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार संस्थेला मिळाला. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या प्रयोगाचं मोल कळतं. तुळजापूर तालुक्यातल्या गोदावरी डांगे या त्यातल्या आघाडीच्या कार्यकर्त्या. त्यांच्या आयुष्यावर इंग्रजीत चित्रकथाही निघाली आहे. प्रेमा गोपालन २०२२ मध्ये गेल्या.

या ‘एक एकर’ पद्धतीकडं लोक बहुधा सेंद्रिय शेतीचा प्रयोग म्हणून पाहतात. मला तो वर्षभराच्या जेवणाचा तक्ता वाटतो. पाहा ना: मृगात पेरलेला मूग साठ-सत्तर दिवसांत येतो, गौरी-गणपतीच्या आसपास नवी डाळ घरात. मागोमाग उडीद. भेंडी, गवार, चवळी श्रावणापासून सुरू. कुंपणावर दोडका आणि कारलं. धुऱ्याला अंबाडी: पाल्याची भाजी, बोंडांची चटणी. तूर पौषापर्यंत उभी, हिरव्या शेंगांची उसळ आधी आणि डाळ नंतर. मागच्या पावसावर पेरलेल्या हरभऱ्याचा पाला आधी खुडायचा, त्यानं झाडाला फांद्याही जास्त फुटतात; मग सोलाणा, शेवटी हरभरा. करडईची पानं थंडीत. संक्रांतीला हुरडा. प्रत्येक महिन्यात निदान दोन गोष्टी अशा की त्या दुकानाच्या यादीतून खोडता येतात. डाळीचाच हिशोब घ्या. पाच माणसांना वर्षाला १५५ किलो डाळी-कडधान्यं लागतात असं वरचं सूत्र सांगतं. शंभर किलो तुरीतून सत्तर किलोच्या आसपास डाळ पडते, तेव्हा सगळी गरज तुरीवर टाकली तरी सव्वादोन क्विंटल तूर पुरते. कोरडवाहूत एकरी तीन-चार क्विंटल तूर बरी समजतात. म्हणजे पाऊण एकरात वर्षाची डाळ, आणि मूग, उडीद, हरभऱ्याची साथ असेल तर त्याहून कमी रानात. ज्याच्याकडं पाच एकर आहेत त्यानं पाऊण एकर सोयाबीन कमी केलं, तर आडतीवर त्याचा फारसा तोटा होत नाही. पण दुकानाच्या वहीतली सगळ्यात जड ओळ जाते.

ज्यांना रानच नाही त्यांनी काय करायचं, हा रास्त प्रश्न आहे. सरकारच्या ‘उमेद’ अभियानानं गावोगाव पोषण परसबागेची मोहीम काढली ती बरीचशी याच घरांसाठी. मोरीचं पाणी वळवून चार वाफे केले की मेथी, पालक, चवळई, चार मिरच्या, दोन वांगी, छपरावर एक दोडक्याचा वेल एवढं तरी निघतं. त्यानं पोट भरत नाही. आठवडी बाजारातला भाज्यांचा खर्च मात्र निम्म्यावर येऊ शकतो, आणि मुलांच्या ताटात रोज काहीतरी हिरवं पडतं.

धान्याचं गणित त्या मानानं सुटलेलं आहे, म्हणून तिथं थोडक्यात. मोठ्या माणसाला दिवसाला पाव किलो तृणधान्य धरलं, तर पाच जणांना महिन्याला साडेसदतीस किलो लागतं. प्राधान्य कुटुंबाला रेशनवर माणशी पाच किलो, म्हणजे पंचवीस किलो मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. अंत्योदय कार्डावर घरामागं पस्तीस किलो. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना पूर्वी दोन-तीन रुपये किलोनं धान्य मिळे. २०२३ पासून त्याऐवजी खात्यात पैसे येतात, आधी माणशी दीडशे, नंतर १७० रुपये महिना. पाच किलोंना १७० म्हणजे किलोला चौतीस. गहू त्यात बसतो, चांगली ज्वारी बसेलच असं नाही. गरिबाची भाकरी शहरातल्या पथ्यकरांच्या ताटात गेली आणि भरडधान्य वर्ष साजरं होऊन तिचं नाव झालं, हे चांगलंच. पण जिच्याकडं शाळू पेरायला रान नाही तिला आता पोळी भाकरीपेक्षा स्वस्त पडते. रेशनचा तांदूळ मराठवाड्यात रोज फारसं कुणी खात नाही. तो उन्हाळ्यात पापडांत जातो, एरवी उडदाबरोबर भिजवून धिरड्यांत. ज्या घरात हे होत नाही तिथं तांदळाचं पोतं कोपऱ्यात सोंड्यांच्या हवाली होतं आणि घर गहू विकत आणतं.

स्वयंपाकघरातली काटकसर म्हणजे कमी खाणं, असा एक समज आहे. मराठवाड्याच्या चुलीनं ती वेगळ्या तऱ्हेनं केली आहे. येसरच घ्या. गहू, बाजरी किंवा ज्वारी आणि हरभऱ्याची डाळ वेगवेगळी खमंग भाजायची, धने, मिरची, खोबरं, लवंग-दालचिनी असा मसाला भाजून त्यात घालायचा आणि सगळं एकत्र दळून डब्यात भरायचं. लग्नसराईच्या आधी घरोघर हे दळण निघतं. आमटी करायची तेव्हा लसणाची फोडणी, पाणी, आणि थंड पाण्यात कालवलेलं दोन-तीन चमचे येसर. डाळ शिजवायची नाही, गॅस पाच-सात मिनिटं. रंग काळपट-लाल, वर तेलाचा तवंग, आणि दाटपणा भाजल्या धान्याचा. डाळ महाग झाली की शहरातल्या बाया वरण पातळ करतात. इथं डाळ न शिजवताच आमटी होते. मात्र यात प्रथिनं वरणाएवढी नाहीत, हे विसरून ती रोज करण्यात अर्थ नाही. आठवड्यातून दोनदा येसर, दोनदा हुलगा, तीनदा डाळ असा बेत असेल तर तूरडाळीचा डबा दुपटीहून जास्त दिवस चालतो.

हुलग्याचं शेंगोळं हा तर एका पातेल्यातला अख्खा स्वयंपाक. हुलग्याच्या पिठात मूठभर ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, मीठ. घट्ट मळून करंगळीएवढ्या वळ्या करायच्या, दोन टोकं जोडून उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायच्या. मळलेल्या परातीचं धुवणही त्यातच, रस्सा त्यानंच दाटतो. भाकरी वेगळी लागत नाही. हुलगा तूरडाळीपेक्षा बहुधा स्वस्त असतो, कमी पावसावर येतो आणि खायला तिच्याइतकाच कसदार. फक्त त्याला पाहुण्याच्या ताटात मान नाही. पुरणाच्या दिवशी कटाची येळवणी दुसऱ्या दिवशीही चालते, शिळ्या भाकरीचा कुस्करा ताकात किंवा फोडणीत जातो, उरलेल्या भाजीत पीठ मळून धपाटे होतात. वाळवणं हा याच बेताचा पुढचा भाग: गवारी, कारली, मेथी, हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवायचा तो अशा दिवसांसाठी की जेव्हा बाजारात पालेभाजीची जुडी परवडत नाही, आणि ते दिवस दरवर्षी ज्येष्ठात येतात.

एक बारीक गोष्ट मात्र बेत करणाऱ्यानं ध्यानात ठेवावी. ज्वारी महिन्याची एकदम दळून आणण्यात शहाणपण नाही. पीठ आठ-दहा दिवसांपेक्षा जुनं झालं की त्याची विरी जाते. भाकरी थापताना कडेनं चिरते, तव्यावर उलटताना मोडते आणि चवीला कडवट लागते. मग ती ताटात उरते. चक्कीवरची एक खेप वाचवायला जाऊन दोन किलो पीठ जनावरांपुढं टाकणारी घरं कमी नाहीत. दळण आठवड्याचं, दाणे वर्षाचे. कडधान्यांचं उलट: ती कडक ऊन देऊन, तेलाचा हात लावून वर्षाची भरली तर टिकतात, पण झाकण सैल राहिलं की श्रावणात भुंगे नाचतात.

आता दुकानाकडं. इथली सगळ्यात मोठी गळती महागाई नव्हे, उधारी आहे. रास होईपर्यंत वहीवर माल, रास झाली की हिशोब, ही पद्धत नसती तर अनेक घरं आषाढ-श्रावणात उपाशी राहिली असती. दुकानदाराचेही पैसे अडकलेले असतात, त्यालाही व्याज भरावं लागतं. पण वहीवरचं गिऱ्हाईक भाव विचारत नाही. दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही, माल हलका निघाला तर परत करू शकत नाही. डेव्हिड कॅप्लोविट्झ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांवर पुस्तक लिहिलं, त्याचं म्हणणं हेच होतं की गरिबाला तीच वस्तू महाग पडते. आपल्याकडं त्यात पुड्यांची भर. हातात रोजच्या मजुरीचे पैसे, म्हणून चहा पुडीत, तेल पाव लिटर, शाम्पू रुपयाचा. मजुरी मिळते त्या दिवशी दहा-वीस रुपये बाजूला ठेवून महिन्याअखेर निदान तेल आणि डाळ एवढे दोन जिन्नस रोखीनं, एकदम आणायचे, अशी सुरुवात केली तरी वहीची पकड ढिली होते. सगळा किराणा एकदम रोखीत आणा हा सल्ला पुस्तकी आहे.

गटानं घेतलं तर आणखी सोपं. १९७५ च्या पाडव्याला सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनं हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. शेजारच्या काही कुटुंबांचा संघ, प्रत्येकानं महिन्याची मागणी आधी लिहून द्यायची, माल घाऊक खरेदीचा आणि वाटप ठरल्या दिवशी. लोकांना त्यातली स्वस्ताई दिसली. मला त्यातला आधी लिहून देण्याचा नियम जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यासाठी घरात बसून महिन्याचं जेवण ठरवावंच लागतं. धाराशिवात बचत गट गावोगाव आहेत, बैठक महिन्याला होतेच. त्याच बैठकीत दहा घरांची डाळ-साखर-शेंगदाण्याची मागणी काढून एक पोतं घाऊक पेठेतून आणायला वेगळी योजना लागत नाही.

पाकिटाच्या मागं छापलेलं बारीक अक्षर वाचायची सवयही पैसे वाचवते. तेलाच्या पिशवीला सगळे लिटरची पिशवी म्हणतात, पण काही पिशव्यांत त्याहून कमी असतं. लिटरभर तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं, तेव्हा ८०० ग्रॅम लिहिलेली पिशवी लिटरला बरीच उणी. वेष्टित मालावर किलोमागं किंवा ग्रॅममागं किंमत छापण्याचा नियम आता आहे. दोन पाकिटांतलं स्वस्त कुठलं हे त्या एका ओळीवरून कळतं. शिवाय जुलै २०२२ पासून छापील वेष्टनातल्या, पंचवीस किलोपर्यंतच्या डाळी-धान्य-पिठावर पाच टक्के जीएसटी आहे, सुट्या मालावर नाही. सुटी डाळ निवडावी लागते, खडा निघतो, पण पोत्यातला दाणा हातात घेऊन पाहता तरी येतो. आणि तेलाचं प्रमाण: आहारसूत्रं माणशी दिवसाला २७ ग्रॅम सांगतात. पाच जणांना महिन्याला साडेचार लिटरच्या आत. यापेक्षा जास्त लागत असेल तर ते पैशाच्या आधी काळजाला महाग पडतंय.

पैसा खरोखर जातो कुठं, याचं उत्तर देशाच्या पाहणीत आहे. जर्मनीतल्या एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवून दिलं की घर जितकं गरीब, तितका खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. केंद्राच्या घरगुती उपभोग खर्च पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये ग्रामीण भारतात हा वाटा ४७ टक्के होता. त्यात तृणधान्यांवर जेमतेम पाच टक्के. पेयं, तयार खाणं, पुडीतले पदार्थ यांवर जवळजवळ दहा. म्हणजे भाकरीच्या दुप्पट खर्च कुरकुरे-बिस्किट-हॉटेलच्या चहावर. यात हसण्यासारखं काही नाही. दिवसभर सोयाबीन काढणाऱ्या बाईला संध्याकाळी रडणारं पोर पाच रुपयांत गप्प होतं, तेव्हा तिला कुणी आहारशास्त्र शिकवू नये. शेंगदाण्याचा लाडू किंवा भाजके फुटाणे डब्यात तयार असतील तर पाच रुपयांची पुडी आपोआप मागं पडते. ते तयार कधी करायचे, हा वेळेचा प्रश्न आहे आणि तो वेळ घरात एकाच माणसाचा जातो.

इथं काटकसरीच्या सगळ्या लेखांत राहून जाणारी गोष्ट येते. बेत आखणारी बाई, वाळवणं घालणारी बाई, उरलेल्याचा कुस्करा खाणारीही तीच. तूट पडली की पहिली वाटी तिच्या ताटातून उचलली जाते, दूध डेअरीला आणि उरलं तर पोरांना. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. अशा घरात महिन्याचा खर्च अमुक रुपयांत बसवला म्हणून पाठ थोपटून घ्यायची असेल, तर आधी शेवटी जेवणाऱ्या माणसाच्या वाट्याला काय आलं ते मोजावं. डाळीचे ८५ ग्रॅम पाचही जणांना सारखे मिळाले नाहीत तर वरचं सगळं गणित फसवं आहे.

एक एकराच्या प्रयोगात म्हणूनच बी-बियाण्यापेक्षा कठीण ठरला तो पहिला टप्पा, घरात रान मागण्याचा. सातबाऱ्यावर तिचं नाव क्वचितच. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन केलं, सरकारनंही १९९२ मध्ये नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली, तरी बहुतेक घरांत पिकाचा निर्णय दुसराच कुणी घेतो. रान मिळालं तर आधी मिळतं ते मुरमाड, विहिरीपासून लांबचं. तिथं मूग-मटकी-हुलगा येईल, उन्हाळी भाजी येणार नाही. त्यामुळं मागताना नुसतं अर्धा एकर म्हणू नये, पाण्याकडचे चार गुंठे तरी त्यात धरून मागावेत. आणि वेळ साधावी. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, बटईची बोलणी त्याच सुमारास होतात. रोहिण्या निघाल्यावर, सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या घरात येऊन पडल्यावर, विषय काढून उपयोग नसतो.